लेक म्हणे

पहाटे जात्यावर बसलेल्या बाईला गाण्यासाठी कुणाची परवानगी लागत नसे. दिवसभर तिनं खालच्या आवाजात बोलावं, मोठ्यांसमोर पदर सावरून उभं राहावं, विचारल्याशिवाय मत देऊ नये, अशी घराची अपेक्षा. पण दळायला बसली की गळा मोकळा. दळण हे काम आणि गाणं त्या कामाचाच भाग, म्हणून त्याला कुणी अडवत नव्हतं. त्या आडोशाला बसून मराठी बाईनं पिढ्यान्‌पिढ्या मनातलं बोलून घेतलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून या ओव्या गोळा करायला घेतल्या, तेव्हा त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्या म्हणणाऱ्या बहुतेक बायांना अक्षरओळख नव्हती. आपण काही रचतो आहोत असं त्यांच्यापैकी किती जणींना वाटलं असेल कोण जाणे, पण प्रत्येकीनं आपली ओवी केली आणि ती आपल्या गळ्यातून म्हटली.

माझी आजी गंगाखेडच्या बाजूची, गोदावरीकाठची. तिचं जातं चालू असताना मी पाहिलेलं आहे. एक पाय लांब, एक मुडपलेला, उजव्या हातात खुंटा, डाव्या हातानं सुपातली ज्वारी मुठीत घ्यायची आणि फिरत्या जात्याच्या तोंडात वैरण घालायची. मूठ तोंडाशी पोचते तेव्हा आवाज क्षणभर हलका होतो, दाणे आत गेले की घरघर जड होते, आणि त्या जड आवाजावर ओवीची पहिली ओळ पडते. दुसरी ओळ लगेच येत नाही. पहिलीच पुन्हा म्हटली जाते, शेवटचा शब्द लांबवला जातो, मध्ये 'गं बाई' घातलं जातं, आणि तेवढ्यात दुसरी ओळ जुळते. पहिली ओळ पुन्हा म्हणण्यात विचार करायला वेळ मिळतो, हे मला फार पुढे उमगलं. आजी पाठ केलेलं गात होतीच, पण गाता गाता नवंही करत होती. शेजारची कुणी तिच्यासमोर खुंट्याला हात लावून बसली, की एकीची ओळ दुसरी उचलायची आणि तिच्यात आपल्या घरचं नाव, आपल्या गावची नदी घालायची. ओवी कुणा एकीची नव्हती आणि तरी जी म्हणेल तिची होती.

आजीच्या ओव्यांत विठ्ठलाच्या खालोखाल कुणी लाडका असेल तर तो भाऊ. भावाची वाट पाहायची, त्याच्या घोड्याच्या टापा ऐकायच्या, त्यानं आणलेल्या चोळीचं कौतुक करायचं. मी ऐकलेल्या ओव्यांतली बहीण भावाकडे साडीचोळी मागते, सणाला न्यायला ये म्हणते, लेकराच्या बारशाला ये म्हणते. शेताची वाटणी मात्र ती मागत नाही. उलट, मला तुझं शेतशिवार नको, तू सुखी राहा, असं ती आपणहून सांगते. लहानपणी ते ऐकून माझा जीव भरून यायचा. अजूनही येतो. तिच्या मायेत खोट नव्हती. पण ती इतक्या वेळा, इतक्या घरांतून, न विचारता असं का सांगत होती, हा प्रश्न मला पडला तो माझ्यावर वेळ आली तेव्हा.

वडील गेले. वारसनोंदीचं बघायला हवं, असं सगळेच म्हणू लागले, आणि एके दिवशी भाऊ एक तयार केलेला कागद घेऊन आला. भाऊ माझ्याहून लहान. त्याला मी कडेवर खेळवलेलं आहे. तो वाईट नाही, लोभी तर मुळीच नाही. चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "अक्का, हे हक्कसोडपत्र आहे. सगळ्या बहिणी करतात. निबंधक कार्यालयात एकदा यायचं, सही-अंगठा करायचा, झालं." त्याच्या बोलण्यात दरडावणी नव्हती. जन्मभर आजूबाजूला जे होताना पाहिलं तेच आपल्या घरी होईल, असं तो धरून चालला होता.

मी कागद वाचला. हक्कसोडपत्राची भाषा ज्यांनी वाचली असेल त्यांना ती ठाऊक आहे. तो कागद सही करणारीच्या तोंडी लिहिलेला असतो. मी खाली सही करणार, माझं वय इतकं, धंदा घरकाम किंवा नोकरी, राहणार अमुक. मग पुढे, मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाशिवाय, विनामोबदला माझा हक्क सोडून देत आहे. सगळा मजकूर 'मी' असाच बोलतो. तिथे बसून मी वाचत होते आणि मला कळत होतं की यातलं एकही वाक्य माझं नाही. माझ्या तोंडी घातलेली ती भाषा कुण्या लिहिणाऱ्याकडे आधीपासून तयार होती. नाव तेवढं रिकाम्या जागी भरायचं होतं. माझ्याआधी किती जणींची नावं त्या जागी भरली गेली असतील!

कायदा माझ्या बाजूला होता. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली हिंदू वारसा कायद्यात बदल केला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगीही जन्मानं मुलाइतकीच हिस्सेदार ठरली. वडील २००५ साली हयात होते की नव्हते यावर तो हक्क अवलंबून नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण कायदा वाटा देतो. समोर बसलेल्या भावाला 'नाही' म्हणायचं बळ देत नाही. 'माहेर तुटेल' हे दोन शब्द बाईच्या मनात कुठल्याही कलमापेक्षा खोल रुतलेले असतात. आईच्या हातचं पिठलं, दारातली तुळस, दिवाळीला येणारा भाऊ, सगळं त्या एका सहीशी बांधलेलं आहे असं तिला लहानपणापासून, कुणी उघड न बोलता, शिकवलेलं असतं.

मी त्या दिवशी सही केली नाही. भांडलेही नाही. "मला थोडा वेळ दे" एवढंच म्हणाले. आणि त्या वेळात मी जे केलं ते माझं मलाही नवीन होतं. मी गाणं करायला बसले.

गाणंच का, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे साधं उत्तर आहे. त्या कागदात 'मी' होती आणि शब्द परके होते. मला असा एक मजकूर हवा होता ज्यात 'मी' असेल आणि प्रत्येक शब्द माझा असेल. वकिलाचं पत्र तसं झालं नसतं, भावाला लिहिलेली चिठ्ठीही नाही. चिठ्ठीत मी आर्जवं केली असती, नाही तर टोमणे मारले असते. गाण्यात तसं चालत नाही. गाणं पुन्हा पुन्हा म्हणावं लागतं आणि खोटा शब्द तिसऱ्यांदा म्हणताना जिभेला टोचतो.

आमच्या गावात बायकांचं भजनी मंडळ आहे. त्यामुळे अभंगाचा साचा माझ्या कानात बसलेला होता. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक. एवढ्या बावीस अक्षरांत एक गोष्ट पुरी बोलायची. चौथा चरण आखूड असल्यामुळे तिथे वाक्य एकदम पायावर उभं राहतं. तिथे भरतीचं अक्षर घालून निभत नाही.

आणि या साच्यात एक गोष्ट अशी आहे जी माझ्या अडचणीला थेट भिडत होती. शेवटच्या कडव्यात गाणाऱ्यानं आपली नाममुद्रा घालायची. तुकोबांची आहे, नामदेवांची आहे, चोखोबांची आहे. त्या मुद्रेमुळे वर जे काही बोललं गेलं त्याची जबाबदारी एका माणसानं घेतलेली असते. देवाशी भांडण असो, स्वतःची फजिती असो, जगाला सुनावलेले खडे बोल असोत, शेवटी नाव सांगावंच लागतं. हक्कसोडपत्रातही शेवटी नावच होतं. म्हणजे माझ्यापुढे दोन मजकूर होते आणि दोन्हींच्याही तळाशी माझं नाव मागितलं जात होतं.

आपल्या संत कवयित्रींनी ती जागा कशी वापरली ते मी तेव्हा नव्यानं पाहिलं. गंगाखेडला जन्मलेली जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते. सोयराबाई चोख्याची महारी अशी आपली ओळख देते. वरवर पाहिलं तर या बाया दुसऱ्या कुणाच्या तरी नावाच्या आधारानं उभ्या आहेत. पण त्या नावाखाली त्या काय बोलतात ते बघावं. जनाबाई विठ्ठलाला दळू लागायला बसवते, त्याच्यावर रागावते, लोकलाजेचा पदर झुगारते. सोयराबाई विटाळाचा प्रश्न असा विचारते की धर्मशास्त्राला उत्तर सुचू नये. समाजानं ज्या शब्दांनी त्यांना खाली बसवलं, दासी म्हणून, महारी म्हणून, तेच शब्द त्यांनी सहीसारखे वापरले. सतराव्या शतकात शिऊरच्या बहिणाबाईंनी तर अभंगांतून आत्मचरित्रच सांगितलं. पतीनं केलेली मारहाण, तुकोबांना गुरू मानल्यावरून घरात उठलेलं वादळ, मनाची ओढाताण, सगळं त्यांनी आपल्या मुद्रेनिशी मांडलं. त्या काळी घरातली गोष्ट दाराबाहेर नेणं केवढं होतं याची कल्पना आजही करता येते, कारण आजही ते सोपं नाही.

तुकोबांचा आत्मकथनपर अभंगही मी पुन्हा वाचला. माणसं आपल्या बळाचं गाणं करायला बसली की पराक्रमानं सुरुवात करतात. तुकोबा आपल्या पडझडीनं करतात. धंदा बुडाला, दुष्काळात बायको अन्नावाचून गेली, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटली, हे त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. त्यात स्वतःची कीव नाही आणि मोठेपणाही नाही. जे गेलं ते मोजून झाल्यावर जे उरलं त्यावर हा माणूस उभा आहे, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. आतलं बळ दुसऱ्याला असं दिसतं, त्याचा उच्चार केल्यानं नाही, हे मला तिथे पटलं.

मी लिहायला लागले तेव्हा आधी आलेले शब्द सगळे मोठे होते. ज्वाला, रणरागिणी, वादळ, गगन, वज्र. या शब्दांबद्दल माझ्या मनात आदर आहे. अण्णा भाऊ साठे, वामनदादा कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी मोठे शब्द वापरले कारण त्यांच्यासमोर हजारो माणसं बसलेली असायची आणि त्या हजारांचं मिळून एक दुःख होतं. त्या दुःखाला तेवढा मोठा शब्द हवाच होता. माझं गाणं एका ओसरीवर बसून एका बाईनं म्हणायचं होतं. माझ्या ओसरीत वादळ आलेलं नव्हतं. एक कागद आला होता आणि तो आणणारा माझा भाऊ होता. जातं टाकवून आणलं की पहिलं पीठ घरात घेत नाहीत, त्यात दगडाची कच असते. ते जनावरापुढे टाकतात आणि मग खायचं दळण दळतात. त्या मोठ्या शब्दांची पानं मी तशीच बाजूला सारली आणि शेताकडे गेले.

शेत म्हणजे गावाबाहेरचं काळं रान. विहिरीला लागून वडिलांनी लावलेला आंबा आहे. मी शाळेत असताना त्यांनी तो कोयीपासून केला. उन्हाळ्यात आई आणि मी हंड्यानं पाणी घालायचो. तूर काढून झाली होती, रान मोकळं होतं. मी बांधावर उभी राहिले. ऊन कलतं होतं आणि माझी सावली सरीवरून पार पलीकडच्या बांधापर्यंत गेली होती. या शेतात मी निंदलं-खुरपलं आहे, कापूस वेचला आहे, लग्न होऊन जाताना इथल्या मातीला हात लावून गेले आहे. पण या रानात माझी काही खूण असेल असं मी कधी बघितलंच नव्हतं. तिथे पहिलं कडवं आलं.

बांधावर उभी
माझीच सावली
मीच ओळखली
संध्याकाळी

त्यात 'हक्क' हा शब्द नाही, 'अन्याय' नाही, आणि तरी मला जे म्हणायचं होतं ते त्यात होतं. दुसरं कडवं विहिरीपाशी झालं.

बापाने लावला
विहिरीशी आंबा
म्हणतो तो, थांबा
घाई काय

तिसऱ्या कडव्यानं मला फार दिवस अडवून ठेवलं, कारण ते भावाचं होतं. लिहिलं की एक तर ते कडू व्हायचं, नाही तर पाघळायचं. कडू झालं की मला माझाच आवाज ओळखू येईना. पाघळलं की आजीच्या ओवीतली बहीण बोलू लागायची आणि पुन्हा सगळं देऊन टाकायची. दोन्ही खरं होतं, हीच अडचण होती. भाऊ मला हवा होता आणि नावही हवं होतं. आजवर बायकांना शिकवलेलं असं की यातलं एकच मिळतं. आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओव्यांनीसुद्धा तसंच म्हटलं. मी तो 'किंवा' काढून टाकला आणि तिथे एक 'ही' ठेवला.

भाऊ ओवाळीन
दिवाळी येईल
वाटाही राहील
माझ्या नावे

हे कडवं जमलं तेव्हा माझा निर्णय झाला. त्याआधी मी मनात अनेकदा ठरवलं होतं आणि अनेकदा मोडलं होतं. माणूस विचारात स्वतःला सहज फसवतो. गद्यात 'तरी', 'पण', 'बघू' असे शब्द मदतीला येतात. बावीस अक्षरांत त्यांना जागाच नसते. कडवं बसवायचं तर आपल्याला नक्की काय हवं आहे ते ठरवल्याशिवाय यमकही जुळत नाही. म्हणून मी म्हणते की गाणं करणं हे आपल्या मनाचा ठाव घेण्याचं काम आहे. आधी ठाम होऊन मग मी गाणं केलं नाही. गाणं करता करता मी ठाम झाले.

मग राहिली मुद्रा. तिथे एक वेगळाच पेच होता. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवीन नाव लिहिलं गेलं होतं. माहेरी मी एका नावाची, सासरी दुसऱ्या. शाळेच्या दाखल्यावर पहिलं, आधारकार्डावर दुसरं, आणि सरकारी कागदात दोन्हींच्या मधे 'ऊर्फ'. यातलं कोणतं नाव मी गाण्याच्या शेवटी घालू? माहेरचं घातलं तर ते हाक मारणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. सासरचं घातलं तर ज्या जमिनीबद्दल बोलते आहे तिच्याशी त्या नावाचं नातं नाही.

जनाबाई आणि सोयराबाई तिथे पुन्हा मदतीला आल्या. त्यांनी नात्याला मुद्रा केलं होतं. माझं त्या मातीशी असलेलं नातं एका शब्दात सांगता येत होतं, आणि तो शब्द तांदळावर लिहून बदलता येणारा नव्हता. तलाठ्याच्या वारस नोंदवहीतही, गाव नमुना सहा-कमध्ये, वारसाचं मयताशी असलेलं नातं लिहितात. तिथे माझ्या नावासमोर तोच शब्द येणार होता, फक्त सरकारी मराठीत.

लेक म्हणे जीव
भावात गुंतला
अंगठा आपला
नाही दिला

शेवटचा चरण लिहिताना हात थरथरला, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. मी शिकलेली आहे, सही करते. पण नोंदणीच्या वेळी बोटाचा ठसाही घेतात, आणि आमच्याकडे जुन्या बाया या सगळ्या व्यवहाराला 'अंगठा देणं' असंच म्हणतात. माझ्या आजीनं दिला होता, तिच्या नणंदांनी दिला होता, आईनं दिला होता. त्यांच्यापैकी कुणी दुबळी नव्हती. आईनं दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली आहे. बळ त्यांच्यात माझ्याहून किती तरी जास्त होतं. पण त्यांच्या बळाला स्वतःसाठी उभं राहण्याची वाट कुणी दाखवली नव्हती. मला ती कायद्यानं दाखवली, थोडी शिक्षणानं दाखवली, आणि उरलेली मी या चार कडव्यांतून चालले.

शब्द झाले की चाल लागते. जातं आता नाही, त्यामुळे त्याची घरघर मला मिळणार नव्हती. मी ते गाणं चालताना बसवलं. घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंतचा रस्ता, दोन पावलांत एक ठोका. मग मंडळातल्या पेटीवाल्या ताईंनी काळी चारचा सूर धरून दिला आणि भजनी ठेक्यात ते बसलं. त्यांनी शिकवलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या म्हणाल्या, "शेवटचा चरण उंच नेऊ नकोस. तिथे सूर खाली आण आणि स्वच्छ म्हण. 'नाही' हा शब्द ओरडायचा नसतो." मी तसं म्हणून पाहिलं आणि खरंच, वर नेलं की ती तक्रार वाटायची, खाली आणलं की ते नुसतं सांगणं व्हायचं.

मंडळात एका एकादशीला मी ते म्हटलं. संपल्यावर टाळ थांबले आणि कुणी काही बोललं नाही. मग कोपऱ्यात बसणाऱ्या सगळ्यांत थोरल्या आजी म्हणाल्या, "मी दिला होता बाई अंगठा. कुणी विचारलं नव्हतं, द्यायचा असतो म्हणून दिला." त्यांच्या आवाजात पश्चात्ताप होता का, मी सांगू शकत नाही. पण ते वाक्य त्यांनी आपणहून, सगळ्यांच्या देखत, बहुधा जन्मात पहिल्यांदा म्हटलं होतं. "ते दिवाळीचं कडवं परत म्हण," असं त्यांनी सांगितलं आणि या वेळी त्यांनी टाळ धरला.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची मला तेव्हा फार आठवण झाली. तरुणपणी वैधव्य आलेली, लिहिता-वाचता न येणारी ती शेतकरीण घरोटावर दळताना आणि शेतात राबताना आपल्या बोलीत गाणी म्हणत राहिली. मुलगा सोपानदेव आणि घरची माणसं यांनी ती उतरवून घेतली म्हणून राहिली. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं. कुणी छापील, कुणी वाचील या आशेनं त्यांनी एकही ओळ केलेली नाही. त्यांच्या गाण्यात जे बळ आहे ते तिथूनच येतं असं मला वाटतं. ज्याला दाद मिळवायची नाही त्याला खोटं बोलायचं कारण उरत नाही. स्वतःसाठी गाणं करणाऱ्याला ही मोकळीक मिळते, आणि ती कितीही लहान माणसाला मिळू शकते.

भावाला मी गाणं म्हणून दाखवलं नाही. त्याला समोर बसवून, गाण्यातलं तिसरं कडवं ज्या शब्दांत आहे जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं. तुला ओवाळणार आहे आणि नावही ठेवणार आहे. शेत तूच कस, मला पिकाचा हिशेब नको. पण माझं नाव पुसायला मी हात देणार नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना सांग, अक्कानं सांगितलं म्हणून." तो त्या दिवशी जेवला नाही. त्याला वाईट वाटलं होतं आणि मलाही. सातबाऱ्यावर आज आई, तो आणि मी, अशी तिघांची नावं आहेत. भाऊबीजेला तो येतो. पूर्वीइतका वेळ बसत नाही, पण येतो, आणि मी त्याला ओवाळते तेव्हा माझ्या मनात काही लपवलेलं नसतं. सही केली असती तर कदाचित तो जास्त वेळ बसला असता आणि मी त्याला ओवाळताना मनात काही तरी गिळत राहिले असते. ते मला नको होतं.

स्वतःशी प्रामाणिक राहायचं म्हणजे काय, याचा माझ्यापुरता अर्थ आता अगदी सरळ झाला आहे. तलाठी कार्यालयात विचारलं, नात्यातल्या लग्नात कुणी आडून बोललं, आईनं रडत विचारलं, तरी मी एकच बोलते. माणूस बदलला म्हणून माझं बोलणं बदलत नाही, कारण ते बोलणं मी एकदा नीट घडवून ठेवलेलं आहे. भीती वाटते. आजही वाटते. पण भीतीच्या वेळी नवीन शब्द शोधावे लागत नाहीत. चार कडवी पाठ आहेत आणि त्यांच्या शेवटी कोण बोलतंय ते सांगितलेलं आहे.

म्हणून ज्या कुणाला आपल्या आतल्या बळाचं गाणं करायचं असेल त्याला मी एवढंच सांगेन. मुद्रेची जागा आधी मोकळी ठेवा आणि मग वरची कडवी करा. ज्या ओळीखाली आपलं नाव घालायला मन कचरेल ती ओळ कितीही सुरेल असली तरी राहू देऊ नका. आणि जी ओळ साधी असेल, पण सगळ्या घरादारासमोर, गावासमोर आपली म्हणता येईल, तिला हात लावू नका.

माझी मुलगी आता हे गाणं गुणगुणते. परवा तिनं विचारलं की तिनं ते तिच्या महाविद्यालयात म्हटलं तर चालेल का. मी सांगितलं, चाल घे, ती तुझीच आहे. मधली कडवी मात्र तुझी तू कर, कारण त्या आंब्याला तू पाणी घातलेलं नाहीस आणि तुझ्यापुढे येणारा कागद वेगळा असेल. शेवटची मुद्रा बदलावी लागणार नाही. तूही लेकच आहेस.